चळवळीचे कागद जपायचे, तर चावी कुठे ठेवाल?

अ‍ॅट्रॉसिटीच्या केसचे कागद, साक्षीदारांचे नंबर, विहाराचा हिशेब. हे सगळे अनेकदा एकाच कार्यकर्त्याच्या लॅपटॉपवर असते. दुसरी डिस्क त्याच कपाटात असेल तर चोरी किंवा आग दोन्ही नेईल.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांच्या लेखनाचा शासकीय पहिला खंड यायला १९७९ उजाडले, आणि अप्रकाशित हस्तलिखितांपैकी बरेचसे अपूर्णच हाती आले. कागदांचे काय होते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

भुसावळ जंक्शनचे गाव. नाशिक-नागपूरकडे जाणारा ओळखीचा माणूस नेहमी सापडतो. महिन्याला एक डिस्क तिकडच्या सहकाऱ्यांकडे पाठवा. ड्राइव्हवरच्या सिंकवर विसंबू नका. इथे फाइल पुसली की तिथलीही पुसली जाते.

डिस्क वाटेत हरवली तरी साक्षीदाराचे नाव फुटू नये, म्हणून ती एन्क्रिप्ट करायची. खरी अडचण इथून पुढे. विंडोजच्या बिटलॉकरची रिकव्हरी की ४८ अंकी असते. व्हॉट्सअ‍ॅप बॅकअपला ६४ अंकी की निवडली आणि हरवली, तर कंपनीलाही तो उघडता येत नाही. म्हणून की कागदावर लिहा, दोन बंद पाकिटांत, दोन गावी. डिस्क ज्याच्याकडे, त्याच्याकडे पाकीट नको. (कीचा फोटो ग्रुपवर टाकणाऱ्याला हात जोडावेत!) पदाधिकारी बदलले की नवी की करा, पण जुनी फेकू नका, जुन्या प्रती तिनेच उघडतात.

दर तीन महिन्यांनी बाहेरगावची डिस्क दुसऱ्याच लॅपटॉपवर, पाकिटातल्या कीने उघडून पाहा.