‘सौम्य’ अर्बुद आणि त्यानंतरचे जगणे

वैद्यकशास्त्रात अर्बुदांचे सौम्य आणि मारक असे दोन प्रकार मानले जातात. सौम्य म्हणजे कर्करोगाचे नसलेले, शरीरात इतरत्र न पसरणारे. हा शब्द गाठीच्या पेशींचे वर्णन करतो. रुग्णाला काय सोसावे लागेल याविषयी तो काहीच सांगत नाही. नातेवाईक आणि सहकारी मात्र ‘सौम्य’ हा शब्द ऐकून निश्चिंत होतात. अकूस्टिक न्यूरोमा या दुर्मीळ गाठीचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे.

आतल्या कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या आठव्या चेतेत ऐकण्याचे व तोल सांभाळण्याचे तंतू एकत्र असतात. त्यांचे वेष्टण बनवणाऱ्या श्वान पेशींपासून ही गाठ तयार होते. ती वाढली तरी बहुधा वर्षाला एक-दोन मिलिमीटरच. कित्येक गाठी वर्षानुवर्षे आहेत तेवढ्याच राहतात. एका कानाने कमी ऐकू येणे, त्या कानाला फोन लावला तर शब्द नीट न कळणे, कानात सतत आवाज येणे, चालताना झोक जाणे ही तिची लक्षणे. कानात मळ असेल किंवा वय झाले असेल, असे म्हणून त्यांकडे दुर्लक्ष होते. एकाच कानाचे ऐकणे कमी झाले असेल तर श्रवणचाचणी आणि गरजेनुसार एमआरआय करून घेणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. गाठ फार मोठी झाली तर मेंदूवर दाब येऊन जीवालाही धोका संभवतो.

हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यचिकित्सकाने 1917 मध्ये या गाठीवर ग्रंथ लिहिला. त्या काळी रुग्ण शस्त्रक्रियेतून जगणे हेच यश होते. 1960 च्या दशकात विल्यम हाउस यांनी या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शकाचा वापर रूढ केला आणि प्रश्न बदलला : आता चेहऱ्याची चेता वाचेल का, हे पाहिले जाऊ लागले. ही सातवी चेता गाठीला अगदी चिकटून जाते. लहान गाठीवर केवळ लक्ष ठेवणे किंवा नेमका किरणोपचार करणे हे पर्यायही आज उपलब्ध आहेत.

शस्त्रक्रियेनंतरचा काळ हा या विषयाचा सर्वांत कमी चर्चिला जाणारा भाग आहे. एका बाजूचे तोलाचे इंद्रिय गेले की सुरुवातीला उभे राहणेही कठीण होते. मग दुसरा कान, डोळे आणि पावलांकडून येणारे संदेश यांच्या आधारे मेंदू नवा हिशेब शिकतो. हे शिक्षण अंथरुणात पडून होत नाही, चालावेच लागते. अंधारात किंवा खडबडीत वाटेवर झोक मात्र पुढेही जातो. चेहऱ्याची चेता दुखावली असेल तर एक बाजू लुळी पडते, पापणी मिटत नाही. दिवसा थेंब आणि रात्री मलम लावून बुबुळ जपावे लागते, नाहीतर दृष्टीलाच धोका असतो. चेता शाबूत असेल तर हालचाल काही महिन्यांत, कधी वर्षभराने परतते. ती पूर्ण परतेलच असे नाही. अभिनेता मार्क रफालो यांच्यावर या शतकाच्या प्रारंभी ही शस्त्रक्रिया झाली. चेहऱ्याची हालचाल परतली, डाव्या कानाचे ऐकणे मात्र कायमचे गेले.

एका कानाने ऐकणाऱ्याला आवाज कोणत्या दिशेने आला हे ओळखता येत नाही आणि गोंगाटात बोलणे निवडून ऐकणे अवघड जाते. असा प्राध्यापक वर्गात मागून आलेला प्रश्न ऐकून भलत्याच बाकाकडे पाहतो. असा विद्यार्थी हाक ऐकूनही वळत नाही आणि बेपर्वा ठरतो. त्याची जागा पुढे आणि ऐकणारा कान वर्गाकडे राहील अशी असावी, एवढीच सोय पुष्कळदा पुरते. प्राध्यापकाला प्रश्नकर्त्याने हात वर करून उभे राहावे असा नियम करता येतो. कष्ट घेऊन ऐकण्याने येणारा थकवा मात्र कोणाला दिसत नाही. टाके निघाले की माणूस बरा झाला असे धरून पूर्ण वेळापत्रक त्याच्या हाती देणे घाईचे होते. पहिले काही महिने तासांमध्ये मोकळी तासिका ठेवावी लागते. गाठ काढल्यानंतरही काही वर्षे ठराविक अंतराने एमआरआय चालूच राहतो, आणि त्या तारखांच्या आधीचे दिवस घरात कोणालाच सोपे जात नाहीत.