रायफलीचा तिठा

‘एके-५६’ हे नाव कोकणात घरोघरी पोचले ते १९९३ मध्ये. त्या वर्षी जानेवारीत रायगड जिल्ह्यातल्या दिघीला आणि फेब्रुवारीत शेखाडीला चोरटा माल उतरला. त्यात आरडीएक्स होते, हातबॉम्ब होते आणि या रायफलीही होत्या. मार्चमध्ये बॉम्बस्फोटांनी मुंबई हादरली, खटला वर्षानुवर्षे चालला आणि छप्पन हा आकडा वर्तमानपत्रांतून लोकांच्या तोंडी बसला. तो आकडा सालाचा आहे. सोव्हिएत संघात १९४७ मध्ये आकाराला आलेला नमुना म्हणजे एके-४७. तीच रायफल चीनने सोव्हिएत परवान्याने १९५६ मध्ये आपल्या कारखान्यांत काढायला घेतली, तिचे नाव ‘टाइप ५६’. म्हणजे नकाशा एका देशात निघाला, घडण दुसऱ्या देशात झाली आणि माल शेवटी श्रीवर्धनच्या किनाऱ्याला लागला. आता दुसरी गोष्ट पाहा. पुण्याच्या पाषाणमध्ये आपल्याच शास्त्रज्ञांनी ‘इन्सास’ रायफल आखली. ती जगभर पसरणे तर सोडाच, आपल्याच लष्कराच्या हातूनही हळूहळू सुटत गेली. असे का झाले? ‘त्यांचा नकाशा चांगला, आपला वाईट’ हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. रायफल घडते ती तीन वाटा जिथे भेटतात तिथे: आखणाऱ्याची, घडवणाऱ्याची आणि वापरणाऱ्याची. हातखंब्याला मुंबईचा, गोव्याचा आणि रत्नागिरीचा रस्ता एकत्र येतो म्हणून त्या जागेला तिठा म्हणतात. यातला एक रस्ता चार मैल अलीकडेच थांबला असता, तर तिथे तिठा झालाच नसता.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. दुसऱ्या महायुद्धापर्यंत पायदळाच्या रायफलीचे काडतूस हजार मीटरवर मारा करण्याइतके दणकट असे. प्रत्यक्षात बहुतेक चकमकी तीन-चारशे मीटरच्या आतच घडत. एवढ्या दणकट काडतुसाने सलग गोळीबार केला, तर धक्क्याने नळी आभाळाकडे जाते. उलट पिस्तुलाचे काडतूस घेतले, तर शंभर-दीडशे मीटरपुढे त्यात जीव राहत नाही. जर्मनांनी यावर मधला मार्ग काढला. त्यांनी काडतूस आखूड केले आणि त्याभोवती रायफल बेतली. तीच १९४४ ची ‘स्टर्मगेव्हेर’. रशियनांनी १९४३ पासून त्याच वाटेने ७.६२ बाय ३९ मिलिमीटरचे काडतूस विकसित केले. गोळी नळीतून पुढे जात असताना मागच्या वायूचा थोडा भाग वरच्या छिद्रातून वळतो आणि दट्ट्याला मागे ढकलतो. दट्ट्याबरोबर बोल्ट मागे येतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, स्प्रिंग बोल्टला पुन्हा पुढे लोटते आणि नवे काडतूस नळीत बसते. असॉल्ट रायफलीचे मर्म एवढेच. कागदावर ते कोणत्याही चांगल्या यंत्र अभियंत्याला समजेल. खरी अडचण कागदाच्या पुढे सुरू होते.

कलाश्निकोव्हची दंतकथा सर्वांना ठाऊक आहे: १९४१ मध्ये जखमी झालेला रणगाड्यावरचा एक तरुण सैनिक रुग्णालयात पडल्या पडल्या बंदुकीचा विचार करू लागतो आणि पुढे जगप्रसिद्ध होतो. या कथेत कारखाना कुठेच दिसत नाही. लष्कराने १९४९ मध्ये ही रायफल स्वीकारली, तेव्हा तिचा रिसीव्हर, म्हणजे ज्यात बोल्ट मागेपुढे धावतो ती पेटी, पोलादी पत्रा दाबून करायची असे ठरले होते. इझेव्हस्कच्या कारखान्याला ते साधेना. दाबलेल्या पेट्या वाकत आणि ढिगाने बाद होत. शेवटी काही वर्षे अखंड पोलादी ठोकळा कोरून पेटी काढावी लागली. वेळ जास्त, धातू जास्त, खर्च जास्त, तरीही रायफल थांबू दिली नाही. पत्र्याचे तंत्र हाती आले ते १९५९ मध्ये, ‘एकेएम’ या सुधारित रूपात. तिची पेटी जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची आहे. जगात सर्वांत जास्त पसरली ती हीच हलकी, स्वस्त आवृत्ती आणि तिच्या नकला. रायफलीच्या ज्या साधेपणाचे गोडवे गायले जातात, तो साधेपणा नकाशाबरोबर आला नाही. तो कमवायला दहा वर्षे लागली. त्या दहा वर्षांत आखणारा आणि घडवणारा एकाच गावात होते, आणि वापरणाऱ्या लष्कराचा शब्द दोघांनाही टाळता येत नव्हता.

यावर एक आक्षेप हमखास येतो. पाकिस्तानातल्या दर्रा आदम खेलचे कारागीर साध्या हत्यारांनी कलाश्निकोव्ह घडवतात, मग या रायफलीला मोठ्या व्यवस्थेची गरज ती काय? उत्तर असे, की एक रायफल घडवणे आणि एकसारख्या लाखो रायफली घडवणे ही दोन वेगळी कामे आहेत. कारागीर प्रत्येक तुकडा दुसऱ्या तुकड्याला कानस लावून जुळवतो. त्या रायफलीचा बोल्ट शेजारच्या रायफलीत बसेल याची हमी नाही. लष्कराला नेमकी तीच हमी हवी असते. सोव्हिएत संघाने चीन, पोलंड, बल्गेरिया, पूर्व जर्मनी अशा मित्रदेशांना रायफलीबरोबर तिच्या उत्पादनाची पद्धतही दिली, म्हणूनच ही रायफल पसरली. या कुळातल्या सात ते दहा कोटी रायफली जगात असाव्यात असा अंदाज दिला जातो. इतक्या रायफली एका माणसाच्या प्रतिभेने होत नाहीत.

अमेरिकेची साक्ष तर आणखी बोलकी आहे. युजीन स्टोनरने आखलेली एम-१६ हलकी होती, अचूक होती, आणि तिचे ५.५६ मिलिमीटरचे काडतूस जुन्या ७.६२ बाय ५१ च्या जवळपास निम्म्या वजनाचे होते. तेवढ्याच ओझ्यात सैनिकाला दुप्पट काडतुसे नेता येत. तरीही व्हिएतनाममध्ये १९६६-६७ च्या सुमारास ती ऐन चकमकीत अडकू लागली. चाचण्यांत वापरलेली दारू बदलून दुसऱ्या जातीची दारू भरली गेली होती. काडतूस बसते त्या खोबणीला क्रोमचा मुलामा नव्हता. साफसफाईचे सामान जवानांपर्यंत पुरेसे पोचलेच नव्हते, कारण या रायफलीला सफाई लागत नाही असा समज पसरला होता. अमेरिकी संसदेच्या समितीने १९६७ मध्ये या प्रकाराची चौकशी करून लष्करी व्यवस्थेवर कठोर ताशेरे ओढले. मग मुलामा आला, सफाईचे संच आले, आणि तीच रायफल पुढे अनेक दशके टिकली. नकाशा बव्हंशी तोच राहिला. बदलली ती रायफलीभोवतीची व्यवस्था.

आता पुण्याकडे वळू. १९६२ च्या युद्धात आपले जवान बरेचसे पॉइंट थ्री-नॉट-थ्री घेऊन लढले. त्यानंतर इशापूरची ७.६२ मिलिमीटरची एसएलआर आली. ती भरवशाची, पण लांब आणि जड होती. १९८० च्या दशकात पाषाणच्या आर्ममेंट रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट या डीआरडीओच्या प्रयोगशाळेत नव्या ५.५६ मिलिमीटर कुटुंबाचे काम सुरू झाले. तेच इंडियन स्मॉल आर्म्स सिस्टिम, थोडक्यात इन्सास. बोल्ट आणि दट्ट्या कलाश्निकोव्हच्या धर्तीवर, वायू कमीजास्त करण्याची सोय बेल्जियन फाल रायफलीसारखी, तीन गोळ्यांचा झटका, आणि आत किती काडतुसे उरली ते बाहेरून दिसावे म्हणून अर्धपारदर्शक प्लास्टिकचे वीस काडतुसांचे मॅगझिन. लोकांना ही रायफल १९९८ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात दिसली. मधल्या काळात काश्मीरमध्ये अतिरेक्यांच्या हाती एके आणि जवानांच्या हाती एसएलआर अशी विषम स्थिती आल्यामुळे लष्कराला एके जातीच्या सुमारे एक लाख रायफली परदेशांतून घ्याव्या लागल्या. नव्या काडतुसांचेही देशी उत्पादन वेळेत उभे राहिले नाही. ती इस्रायलकडून मागवावी लागली. पुढे जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत ती निघू लागली. आणि १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत ते देखणे मॅगझिन तडकल्याच्या तक्रारी आल्या.

मॅगझिनची ही तडक जवळून पाहण्यासारखी आहे, कारण सगळा वाद तिच्यात सामावला आहे. प्लास्टिक पारदर्शक ठेवायचे तर मिश्रणाची निवड मर्यादित होते. शून्याखालच्या तापमानात ते ठिसूळ होते का, हे साच्यातून निघालेला माल थंडीत आपटूनच कळते. दोष सापडला तर दुरुस्ती अवघड नसते: मिश्रण बदला, कडा जाड करा, नवा साचा घ्या. अवघड असते ते हे ठरवणे, की दुरुस्ती कोणी करायची. आखणारी प्रयोगशाळा पुण्यात, संरक्षण संशोधन विभागाच्या हाताखाली. घडवणारे कारखाने इशापूर, तिरुचिरापल्ली आणि कानपूरला, संरक्षण उत्पादन विभागाच्या हाताखाली. तपासणारी यंत्रणा निराळी आणि वापरणारे लष्कर चौथीकडे. पुणे ते इशापूर हे अंतर रेल्वेने दोन हजार किलोमीटरच्या आसपास आहे, पण फायलीचा प्रवास त्याहून लांबचा असतो. लष्कर म्हणे, रायफल खराब. कारखाना म्हणे, नकाशाप्रमाणे काढली. प्रयोगशाळा म्हणे, नमुना चाचणीत उतरला होता. तिघांचे म्हणणे आपापल्या जागी खरे असू शकते, आणि तरीही जवानाच्या हातात तडकलेले मॅगझिन राहते.

इन्सासचा नकाशाच चार ठिकाणचे उसने घेऊन शिवलेली गोधडी होता, असेही म्हटले जाते. त्यात तथ्य आहे, पण निष्कर्ष चुकतो. कलाश्निकोव्हनेही आपल्या आधीच्या बंदुकांतल्या कल्पना घेतल्या होत्या. फिनलंडने तर कलाश्निकोव्हचीच चौकट घेऊन ‘आरके-६२’ काढली आणि ती उत्कृष्ट मानली गेली. उसने घेणे हा दोष नव्हे. उसने घेतलेले भाग एकमेकांशी नांदावेत म्हणून पुन्हापुन्हा घडण सुधारावी लागते, आणि तिथेच आपण कमी पडलो. इन्सासमध्ये पुढे सुधारणा झाल्या हेही नोंदवले पाहिजे. पण तोवर नाव बदनाम झाले होते, आणि सैनिकाचा एकदा उडालेला विश्वास सुधारित आवृत्तीने सहज परत येत नाही.

मग सरळ विकतच घ्यावी, असे काही जण म्हणतात. अडचणीच्या वेळी ते योग्यच. २०१९ मध्ये लष्कराने अमेरिकेच्या सिग सॉअर कंपनीकडून ७२,४०० रायफलींची मागणी नोंदवली ती त्यासाठीच. पण एवढ्या मोठ्या लष्कराची कायमची गरज अशी भागत नाही. सुटे भाग, काडतुसे, दुरुस्ती या सगळ्याची दोरी दुसऱ्याच्या हाती राहते. रशियाबरोबरच्या एके-२०३ चे उदाहरण घ्या. अमेठीजवळच्या कोरव्याच्या प्रकल्पाची घोषणा मार्च २०१९ मध्ये झाली. ६,०१,४२७ रायफलींचा करार व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. पहिल्या ३५,००० रायफली लष्कराच्या हाती पडेपर्यंत २०२४ चा जुलै आला. जगातल्या सर्वांत जास्त वापरलेल्या, पूर्ण सिद्ध झालेल्या कुळातली रायफल घेऊनही पाच वर्षे लागली. उशीर नकाशामुळे झाला नाही. किंमत, देशी भागांचे प्रमाण आणि कारखान्याची जुळवाजुळव यांत तो गेला. सिद्ध नकाशा विकत मिळतो, घडवण्याची सवय मिळत नाही.

खासगी उद्योग आला की हे आपोआप सुटेल, ही नवी आशा आहे. तिला आधारही आहे. पाषाणच्याच प्रयोगशाळेने हैदराबादच्या एका खासगी कंपनीला सोबत घेऊन ‘उग्रम’ ही ७.६२ बाय ५१ ची रायफल शंभर दिवसांच्या आत उभी केली आणि जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात ती दाखवली. २०२५ मध्ये पाषाणने आखलेल्या कार्बाइनसाठी पुण्याच्याच भारत फोर्जची बोली सर्वांत कमी ठरली. आखणारा आणि घडवणारा जवळ आले, ही चांगलीच खूण आहे. पण एम-१६ सुद्धा खासगी कंपनीच घडवत होती, हे विसरून चालणार नाही. शंभर दिवसांत नमुना होतो. लाखावी रायफल पहिलीसारखी निघते का, हे शंभर दिवसांत कळत नाही. त्यासाठी तिसरी वाट खुली लागते: जवानाची तक्रार शिक्का-सहीच्या रांगेत न अडकता नकाशाच्या टेबलापर्यंत पोचण्याची.

तिसऱ्या वाटेची किंमत महाराष्ट्राला वेगळ्या अर्थानेही ठाऊक आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा कित्येक पोलिसांच्या हाती जुन्या पॉइंट थ्री-नॉट-थ्री होत्या. सातारा जिल्ह्यातल्या केडंब्याचे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीजवळ कसाबच्या एकेची नळी हातांनी धरून ठेवली, आणि गोळ्या झेलत एक हल्लेखोर जिवंत पकडून दिला. त्यांना अशोकचक्र मिळाले. त्या धैर्याला सलाम करताना हेही आठवावे, की हत्यार घडवणारी आणि पुरवणारी व्यवस्था जिथे थांबते, तिथून पुढचे अंतर माणसाला आपल्या अंगाने भरून काढावे लागते. पुढच्या रायफलीची घोषणा होईल तेव्हा तिचा पल्ला आणि वजन तर विचारावेच. पण ती तडकली तर कोण, कुठे आणि किती दिवसांत दुरुस्त करणार, हे आधी विचारावे.