अंतरिक्षग्रंथांतील माणसे

अंतराळविद्येच्या इतिहासाविषयी मराठी वाचकाने काय वाचावे, याचा मागोवा रत्नागिरी जिल्ह्यातून घ्यावयाचा, तर अग्निबाणांच्या युगापूर्वीच्या एका ग्रंथापासून आरंभ करावा लागतो. दापोली तालुक्यातील मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या १८९६ सालच्या 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'त केवळ ग्रहगणित नाही. ते मांडणाऱ्या ज्योतिषांचा काल, ग्राम आणि ग्रंथरचना यांचीही नोंद दक्ष दप्तरदाराच्या काटेकोरपणाने केलेली असून, शास्त्राच्या इतिहासात शास्त्रज्ञ हा गौण मानलेला नाही.

पुढे १९२८ मध्ये निघालेल्या 'सृष्टिज्ञान' मासिकाने विज्ञानलेखनास मराठीत हक्काचे स्थान दिले, आणि राजापूर तालुक्यातील कुवेशीचे मोहन आपटे यांनी 'अवकाशातील भ्रमंती'सारख्या ग्रंथांतून खगोल सामान्य वाचकास सुगम केला. तथापि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंब्याहून भारतातला पहिला अग्निबाण सुटल्यावरही, तो उडविणाऱ्या माणसांची हकिकत मराठीत दीर्घकाळ तुटपुंजीच राहिली.

ती उणीव बव्हंशी भरून निघाली ती अब्दुल कलामांच्या आत्मकथेच्या, बेळगावच्या माधुरी शानभाग यांनी केलेल्या 'अग्निपंख' या अनुवादाने. १० ऑगस्ट १९७९ रोजी १७ टन वजनाचे एसएलव्ही-३ हे उपग्रह-प्रक्षेपक यान आकाशात झेपावले, दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण-यंत्रणेतील झडप उघडी राहून नायट्रिक आम्ल गळून गेल्यामुळे ते भरकटले, आणि ३१७ सेकंदांत सारा खेळ आटोपून त्याचे अवशेष समुद्रात पडले, ही कैफियत प्रकल्पप्रमुख कलामांनी स्वतःच सांगितली असल्यामुळे त्याच यानाच्या १८ जुलै १९८० च्या उड्डाणाचे यश केवळ दैवयोग वाटत नाही.

त्याच्या जोडीस दोन इंग्रजी ग्रंथ अवश्य वाचावेत. आर. अरवमुदन यांच्या २०१७ सालच्या 'इस्रो: अ पर्सनल हिस्टरी'त थुंब्याच्या ख्रिस्तमंदिरात थाटलेल्या कचेरीपासूनचा वृत्तान्त सहकाऱ्याच्या आपुलकीने येतो, तर जेम्स हारफोर्ड यांच्या 'कोरोलेव्ह'मध्ये, १९६६ साली मृत्यू येईपर्यंत ज्याचे नाव सोव्हिएत सरकारने जगापासून दडवून ठेवले, त्या सोव्हिएत अंतराळ-कार्यक्रमाच्या मुख्य अभियंत्याचे चरित्र आहे.

१८२८ पासूनची वाचनालयाची परंपरा सांगणाऱ्या रत्नागिरीतील तरुण वाचकास माझी शिफारस एवढीच, की हे तीन ग्रंथ याच क्रमाने वाचावेत: उड्डाण यशस्वी झाल्याची वार्ता वर्तमानपत्रेही देतात, परंतु अपयशाची जबाबदारी कोणी पत्करली आणि श्रेय कोणाच्या पदरी पडले नाही, याचा दाखला असले ग्रंथच देतात.