नेणीव: हिमनगाचं चित्र आणि डोराचा निरोप

मानसशास्त्राच्या नोट्समध्ये फ्रॉइडचं नाव आलं की हिमनगाचं चित्र येतंच. पाण्यावरचं टोक म्हणजे जाणीव, खाली बुडालेला अजस्र भाग म्हणजे नेणीव. हे चित्र फ्रॉइडच्या प्रकाशित लेखनात कुठेही नाही. ते नंतरच्या लोकांनी काढलं आणि मग त्याच्याच नावावर खपलं. माझी तक्रार श्रेय कोणाला मिळालं याबद्दल नाही. या चित्रामुळे नेणीव म्हणजे तळाशी गपगार पडून असलेलं काहीतरी वाटतं आणि मनोविश्लेषण म्हणजे जाणकाराने बुडी मारून ते वर आणणं. प्रत्यक्ष काम असं चालत नाही.

१९१५ च्या 'नेणीव' या निबंधात फ्रॉइडने उलटंच सांगितलं आहे. दडपलेल्या इच्छा सतत वर यायला धडपडतात आणि त्यांना दाबून ठेवायला मनाला अखंड ताकद लावावी लागते. त्यामुळे त्यांच्या खुणा आपल्या रोजच्या बोलण्यात दिसतात. त्याच्या १९०१ च्या पुस्तकात ऑस्ट्रियाच्या संसदेतला एक किस्सा आहे. बैठक सुरू करायला उभे राहिलेले अध्यक्ष, पुरेसे सदस्य हजर असल्याचं सांगून, बैठक संपल्याचंच जाहीर करून मोकळे झाले. त्या बैठकीतून काही चांगलं निघेल अशी त्यांना आशा नव्हती. ती लवकर आटोपावी ही इच्छा भर सभागृहात बाहेर पडली.

'नेणिवेचा शोध फ्रॉइडने लावला' हेही खरं नाही. कार्ल गुस्टाव्ह कारुसने १८४६ मध्येच नेणिवेला मनाच्या अभ्यासाच्या मुळाशी ठेवलं होतं आणि १८६९ मध्ये एडुआर्ड फॉन हार्टमानने तिच्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. फ्रॉइडने आणली ती ऐकण्याची पद्धत. अनेकांना अजूनही वाटतं की विश्लेषक संमोहन करून गुपितं काढून घेतो. फ्रॉइडने सुरुवातीला संमोहन वापरलं खरं, पण १९०० च्या आधीच सोडून दिलं. त्याजागी एकच नियम आला: मनात येईल ते, क्षुल्लक वाटलं, लाजिरवाणं वाटलं तरी, न निवडता बोलायचं. माणूस कुठे अडखळतो, कुठे विषय बदलतो, तिथे काम सुरू होतं.

आपल्याकडे पुस्तकांच्या दुकानात 'अंतर्मना'ला रोज झोपताना सूचना द्या म्हणजे यश मिळेल, असं सांगणारी पुस्तकं ढिगाने असतात. त्यांचा आणि फ्रॉइडच्या नेणिवेचा काही संबंध नाही. त्याच्या मते नेणिवेत एकमेकींना छेदणाऱ्या इच्छा बिनदिक्कत शेजारी नांदतात, तिला 'नाही' कळत नाही आणि काळाचं भानही नसतं. ती हुकूम पाळत नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज असा, की नेणीव फक्त रुग्णाच्या डोक्यात असते आणि विश्लेषक बाहेरून बघतो. इथे डोराची केस थोडी सविस्तर बघायला हवी. १९०० च्या शरद ऋतूत अठरा वर्षांच्या या मुलीला वडिलांनी व्हिएन्नात फ्रॉइडकडे आणलं. वडिलांचे ज्या बाईशी संबंध होते, तिच्याच नवऱ्याने तळ्याकाठी डोराकडे गैर मागणी केली होती. वडील म्हणत होते, हे सगळं तिच्या मनाचे खेळ. फ्रॉइडने तिच्यावर विश्वास ठेवला.

तिने एक स्वप्न सांगितलं: घराला आग लागली आहे, आई दागिन्यांची पेटी वाचवायला थांबते आहे, वडील म्हणतात की एका पेटीपायी मी पोरांना जळू देणार नाही. स्वप्नांच्या अर्थाच्या पुस्तकात 'आग' शोधून इथे काहीच हाती लागलं नसतं. पुढच्या एका भेटीत ती सहज म्हणाली की जाग आल्यावर धुराचा वास यायचा. वडील धूम्रपान करायचे, तळ्याकाठचा तो गृहस्थही करायचा आणि फ्रॉइडही. त्या गृहस्थाच्या घरातून ती निघून आली होती. तशीच इथूनही निघून जायचा इशारा स्वप्नात होता. ३१ डिसेंबरला तिने सांगितलं, आज शेवटचा दिवस. कधी ठरवलंस, असं विचारल्यावर म्हणाली, पंधरा दिवसांपूर्वी. नोकरी सोडताना देतात तशी ही पंधरा दिवसांची नोटीस, असं फ्रॉइड म्हणाला, आणि तेव्हा तिला त्या गृहस्थाकडची शिक्षिका आठवली. तिलाही त्याने तसंच गळ घालून फसवलं होतं आणि तिनेही नोटीस दिली होती.

१९०५ मध्ये केस छापताना फ्रॉइडने लिहिलं की तो इशारा आपण वेळेत ऐकला नाही. आधीच्या माणसांबद्दलचा राग, ओढ, संशय रुग्ण विश्लेषकावर आणतो. यालाच ट्रान्सफरन्स म्हणतात. नेणीव दोघांच्या मधल्या त्या खोलीत घडत असते, आणि विश्लेषकाची स्वतःचीही त्यात असते. म्हणूनच पुढे विश्लेषक होणाऱ्याने आधी स्वतःचं विश्लेषण करून घ्यावं, हा नियम झाला.

दडलेली आठवण सापडली की माणूस बरा होतो, हा सिनेमातला समज. फ्रॉइडच्या सहकाऱ्याची, ब्रॉयरची, रुग्ण 'अ‍ॅना ओ.' बोलण्याने बरी झाल्याचं त्या दोघांच्या १८९५ च्या पुस्तकात आहे, पण १८८२ मध्ये ब्रॉयरचे उपचार थांबल्यावर तिला क्रॉइट्सलिंगेनच्या सॅनेटोरियममध्ये राहावं लागलं होतं. आठवणं ही सुरुवात असते. तोच गुंता पुन्हा पुन्हा तपासत राहणं हे खरं काम, असं फ्रॉइडने १९१४ मध्ये मांडलं.

राहिला एक आक्षेप, आणि तो रास्त आहे. रुग्ण 'हो' म्हणाला तर विश्लेषक बरोबर, 'नाही' म्हणाला तरी तो 'विरोध' ठरवून विश्लेषकच बरोबर. डोराच्या बाबतीत फ्रॉइडने हे खरोखर केलं. तिचा नकार त्याने होकार म्हणून वाचला आणि ते मला अन्यायाचं वाटतं. १९३७ मध्ये त्याने या आक्षेपाला उत्तर दिलं: नुसता होकार पुरावा नाही, नुसता नकारही नाही. विश्लेषकाने केलेली मांडणी हा अंदाज असतो. ती ऐकल्यावर रुग्णाच्या मनातून नवी आठवण, नवं स्वप्न, नवा धागा येतो का, हे बघायचं. काहीच आलं नाही, तर अंदाज चुकला असं धरून चालायचं.