ड्रोन घ्यायचाय? आधी आकाशाचे रंग ओळखा



"सर, लग्नाच्या शूटिंगसाठी ड्रोन घेऊ का?" आणि "फवारणीचा ड्रोन परवडेल का?" हे दोन प्रश्न सध्या सारखे येतात. उत्तर किमतीपासून सुरू करू नका. तुमचा धंदा ज्या रस्त्यावर चालणार, तो आधी बघा. तो रस्ता म्हणजे आकाश, आणि ते सगळ्यांचं आहे.

2021 च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे तीन रंग केले. हिरव्या भागात 400 फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरमध्ये ही मर्यादा 200 फूट. पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी, लाल भागात थेट केंद्र सरकारची. 'डिजिटल स्काय'च्या नकाशावर हे रंग दिसतात.

आता समजा, अंधेरीतलं लग्न आहे. विमानतळाला खेटून! तिथे हिरवं आकाश मिळणारच नाही. त्यातच मुंबई पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात. ग्राहक म्हणतो, "पाच मिनिटांचं तर काम, कोण बघतंय?" दंड एक लाखापर्यंत होऊ शकतो, आणि तो भरायला ग्राहक येणार नाही. म्हणून कोटेशनमध्येच लिहा: 'परवानगी मिळाली तरच ड्रोन, नाहीतर त्याचे पैसे नाहीत.' एखादी ऑर्डर जाईल, पण नाव राहील.

कागदांचंही तसंच. 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. त्यापेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा, तर प्रमाणपत्र हवं. त्यासाठी दहावी पास आणि वय 18 ते 65. सोबत ड्रोनची नोंदणी आणि थर्ड पार्टी विमा. हा सगळा खर्च भांडवलात धरलाय का?

फवारणीवाल्यांनो, तुमच्यासाठी खास. पाठीवर पंप घेऊन दिवसभर चालणाऱ्या माणसाची विषारी औषधापासून सुटका होते, हा मोठा फायदा. पण वाऱ्याबरोबर तेच औषध शेजारच्या तुतीवर गेलं, तर त्याचे रेशीमकिडे मरतील. उडवण्याआधी वारा बघा, शेजाऱ्याला फोन करा. हाही धंद्याचाच भाग आहे.

आणि हो, ड्रोन विकतच घ्यायला हवा असं नाही. 'नमो ड्रोन दीदी' योजनेत 15,000 महिला बचत गटांना ड्रोन द्यायचे ठरले, 80 टक्के अनुदानावर, कमाल 8 लाख रुपये. तुमच्या भागात असा गट असेल तर त्यांच्याशी स्पर्धा कशाला? ऑर्डर तुम्ही आणा, फवारणी ताई करतील, हिशेब आधी ठरवा.

आजचा गृहपाठ: नकाशा उघडा आणि तुमच्या नेहमीच्या दहा ग्राहकांची ठिकाणं त्यावर शोधा. हिरव्यात किती आली, कमेंटमध्ये लिहा. ड्रोन घ्यायचा की भाड्याने आणायचा, ते मग बोलू!