वाघ परतताना : लेखांक ५
जंगल तयार आहे का?

सरिस्का आणि पन्ना या दोन्ही ठिकाणी वाघ कसे संपले, ते मागच्या लेखात पाहिलं. संपलेल्या जंगलात वाघ पुन्हा सोडायचे म्हटलं, की चर्चा सुरू होते ती वाघ कुठून आणायचे इथपासून. खरं तर तो शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की इथला वाघ गेला कशानं आणि ते कारण आता उरलं आहे का? आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या २०१३च्या मार्गदर्शक तत्त्वांचाही भर यावरच आहे.

त्यानंतर येतं भक्ष्य. एका वाघाला वर्षाकाठी पन्नासेक मोठी जनावरं लागतात. साधारण दहा टक्के जनावरं वाघानं खाल्ली तरी कळपांची संख्या टिकते, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. म्हणजे एका वाघामागे पाचशेच्या आसपास तृणभक्षी हवेत. मुद्दलाला हात न लावता व्याजावर जगण्यासारखंच हे आहे. हा आकडा अंदाजानं काढून चालत नाही. ठरलेल्या रेषांवरून पुन्हा पुन्हा चालत दिसलेली जनावरं आणि त्यांचं अंतर नोंदवावं लागतं, कॅमेरे लावावे लागतात.

आपल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात हा मुद्दा नीट उमगतो. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१०मध्ये हा प्रकल्प झाला; क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर. झाडी एवढी दाट, की वाघाला आणखी काय हवं असं वाटावं. पण सदाहरित रानात पाला उंचावर असतो, जमिनीवर गवत कमी. गवा, सांबर, भेकर, रानडुक्कर आहेत, मात्र ताडोबासारखे चितळांचे मोठे कळप नाहीत. उठून गेलेल्या गावांच्या जुन्या शेतांवर गवत वाढतं आणि जनावरं तिथं चरायला येतात. ही कुरणं राखली नाहीत, तर काही वर्षांत झुडपं माजतात. चितळांचे मोठे कळप नाहीत म्हणूनच इथं चितळ आणून आधी कुंपणात वाढवण्याचं काम हाती घेतलं गेलं.

तिसरी बाब वाटेची. राधानगरी, तिळारी, गोव्यातली म्हादई आणि कर्नाटकातलं काळी अशी जंगलांची साखळी दक्षिणेकडे जाते. या वाटेनं नर वाघ सह्याद्रीत येतात. वाघिणी मात्र सहसा आईच्या मुलखाजवळच ठाण मांडतात. नर आला तरी वंश वाढत नाही, तो यामुळे. नोव्हेंबर २०२५मध्ये ताडोबातून वाघीण चांदोलीत आणली गेली, त्यामागचं कारण हेच.

तरीही खरी कसोटी रानाबाहेर लागते. ओडिशातल्या सातकोसियात २०१८मध्ये मध्य प्रदेशातून महावीर आणि सुंदरी ही जोडी आणली गेली. गावांचा विरोध होता, तो मिटलेला नव्हता. दोन माणसांच्या मृत्यूचा ठपका सुंदरीवर आला आणि लोक खवळले. नोव्हेंबरात महावीर मेलेला सापडला. अंगावर फासाची जखम होती. सुंदरीला कोंडून ठेवावं लागलं आणि २०२१मध्ये ती परत गेली. आपल्या वाटेवरही असं घडलं आहे. जानेवारी २०२०मध्ये गोव्यात सत्तरीतल्या गोळावलीला एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं विष घातल्यानं मेली. त्याआधी गावातली गुरं मारली गेली होती.

तेव्हा तपासणीच्या यादीत भक्ष्याच्या आकड्याशेजारी आणखी काही रकाने हवेत. गाय मारली गेली तर भरपाई किती दिवसांत हातात पडते? फास शोधायला गस्त रोज निघते का? वाघ गावाजवळ आला तर निरोप कोण देतो? याची उत्तरं कागदावर नव्हे, काठावरच्या गावांत जाऊन तपासावी लागतात. ती समाधानकारक नसतील, तर कुरणं कितीही हिरवी असोत, ते जंगल वाघासाठी तयार नाही.

(पुढील लेखांकात : आणलेला वाघ थेट रानात का सोडत नाहीत?)