विजेची मोटार व चार्जिंगचा वेग



पलसाणा हे मुंबई–अहमदाबाद हमरस्त्यावरील गाव असल्यामुळे आपणांपैकी पुष्कळांच्या घरी आता विजेवर चालणारी मोटार आली आहे, व हमरस्त्यावर शीघ्र चार्जिंगची केंद्रेही उभी राहिली आहेत. परंतु केंद्रावरील पाटीवर लिहिलेला वेग मोटारीस प्रत्यक्षात का मिळत नाही, हा प्रश्न अनेकांस पडतो. प्रस्तुत लेखक धान्याचा व्यापारी, यंत्रशास्त्राचा पंडित नव्हे. तथापि ठेच लागल्यावर जे समजून घेतले ते येथे मांडीत आहे.

गेल्या वर्षी मुंबईहून एक लग्न आटोपून चिरंजीवांच्या मोटारीने आम्ही परतत होतो. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून सौभाग्यवतींनी भोजन करावे, असा बेत होता. वाटेतील केंद्रावर ६० किलोवॅटची पाटी पाहून आम्ही अर्ध्या-पाऊण तासाचा हिशेब धरला. प्रत्यक्षात दीड तास गेला, सूर्य मावळला आणि त्यांना उपाशीच राहावे लागले. चूक कोठे झाली?

प्रथम दोन मापे वेगळी ओळखावीत. युनिट म्हणजे किलोवॅट-तास. ते पोत्यातील धान्यासारखे. किलोवॅट म्हणजे ते धान्य किती वेगाने ओतले जाते, ते माप. ४५ युनिटांची बॅटरी १० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत भरावयाची, तर साडेएकतीस युनिट लागतात. हे काम ३० किलोवॅटने सुमारे एका तासाचे, तर घरच्या ७.२ किलोवॅटच्या यंत्रावर साडेचार तासांचे होय. घरी येणारी वीज एसी असते व बॅटरीस डीसी लागते. घरी हे रूपांतर मोटारीतील लहान यंत्र करते, म्हणून वेग कमी. शीघ्र केंद्रात ते केंद्रातील मोठे यंत्रच करते.

दुसरी गोष्ट अशी की, केंद्र कितीही देवो, मोटार आपल्या शक्तीइतकेच घेते. दोहोंत जो आकडा लहान, तोच खरा. शिवाय अनेक केंद्रांत एकाच यंत्रास दोन नळ्या असतात व दोन मोटारी लागल्या की वीज वाटली जाते. आमच्या शेजारी दुसरी मोटार उभी होती. म्हणून ६० चे ३० झाले.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पोते भरत आले की हमाल हात आखडतो व हलवून हलवून भरतो. बॅटरीचेही तसेच आहे. ती भरत आली असता जोराने वीज लोटल्यास लिथियम धातुरूपाने साचून तिची हानी होते. म्हणून मोटारच साधारणतः ८० टक्क्यांनंतर वेग उतरविते. फार थंडी अथवा फार उष्णता असली तरीही वेग घटतो. आम्ही हट्टाने १०० टक्के भरले. शेवटच्या वीस टक्क्यांनी बराच वेळ खाल्ला.

वेग वाढत आहेत, यात शंका नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात महिंद्र कंपनीने सादर केलेल्या ७९ युनिटांच्या मोटारी २० पासून ८० टक्क्यांपर्यंत २० मिनिटांत भरतात, असे कंपनी सांगते. मात्र त्यासाठी १७५ किलोवॅटचे केंद्र हवे.

आपल्या जागेत केंद्र काढू इच्छिणाऱ्या बंधूंस एक सूचना. २०१८ साली केंद्र सरकारच्या ऊर्जा मंत्रालयाने अशा केंद्रास वीजविक्रीचा परवाना लागत नाही, असे स्पष्ट केले. तरीही ६० किलोवॅटच्या यंत्रास निदान तेवढ्या मंजूर भाराची वीजजोडणी लागते व खर्च मोठा असतो. जेथे मोटार रात्रभर उभी राहते, तेथे ७ किलोवॅटचे साधे यंत्र पुरते. शीघ्र यंत्र शोभते ते हमरस्त्यावरच.

प्रवासास निघताना तीन प्रश्न विचारावेत: माझी मोटार किती घेते, केंद्र एका नळीस किती देते, आणि मला खरोखर किती हवे? ८० टक्क्यांवर नळी काढून पुढे जावे. मागे उभ्या असलेल्या बंधूचाही वेळ त्यामुळे वाचेल. तराजू ओळखून व्यवहार करणे हा आपला पिढीजात धर्म आहे. तोच येथेही पाळावा, इतकीच विनंती.